नऊ मिनिटांची बारी

अनसूयाबाईंनी आयुष्यात दोनच गोष्टींचा हट्ट धरला. एक म्हणजे आमच्या रेडिओ केंद्रातली माइकसमोरची खुर्ची. दुसरी म्हणजे ज्याच्याबद्दल बोललं गेलं, त्याला बोलायला मिळालंच पाहिजे ही गोष्ट. सात वर्षं हे दोन्ही हट्ट एका घरात सुखानं नांदले. आठव्या वर्षी दोन्हींतला एकच ठेवता येईल अशी वेळ आली, आणि बाईंनी तेव्हा जे केलं त्यामुळे मी हे लिहायला बसलो आहे. एरवी मी कॉलेजातला बाबू. रजेचे अर्ज आणि बोनाफाइड सर्टिफिकेटं सोडून दुसरं काही लिहिल्याचा आळ माझ्यावर आजवर आलेला नाही.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, इंझोरीच्या अलीकडे. गावातल्या शिक्षणसंस्थेनं एक छोटं रेडिओ केंद्र काढलं होतं, पंधरा-वीस गावांत ऐकू येईल एवढं. एका जुन्या वर्गखोलीला आतून गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकले, की झाला स्टुडिओ. मला कॉम्प्युटर येतो या गुन्ह्याबद्दल सकाळी नऊ ते दहा मला यंत्रावर बसवण्यात आलं. बोलणारी व्यक्ती मात्र सापडत नव्हती. एमए झालेल्या पाच मुली आणि एक मुलगा आवाजाच्या चाचणीला आले. सगळ्यांची भाषा इस्त्री केलेली, आणि सगळे माइक दिसताच पुटपुटायला लागले. त्याच वेळी अनसूयाबाई संस्थेच्या वसतिगृहाला भाजी द्यायला आल्या होत्या. माइक बिघडला की पोरं बिघडली हे बघायला मी त्यांना म्हटलं, बाई, यात काहीही बोला. त्यांनी डोक्यावरची टोपली उतरवली आणि वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, गवार यांची नावं अशी काही पुकारली की काचेपलीकडच्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन बसला. शेजारच्या वर्गातून एक प्राध्यापक पिशवी घेऊन आले.

बाई चौथी शिकलेल्या. गावाबाहेर दीड एकराचा मळा, त्यात भाजीपाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो वाईट नव्हता, पण घरात बाईनं बोलू नये असं त्याचं मत होतं आणि ते तो दिवसातून तीनदा मोठ्यानं सांगत असे. बाई मळ्यात जाऊन वांग्यांशी बोलायच्या. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, हसत हसत, आणि मग एकदम हसणं थांबवून म्हणाल्या, "बाबू, पन्नास वर्साची झाल्यावर पयल्यांदा कोनी मले म्हनलं, बोला. ते तुमी." खरं तर मी फक्त माइक बिघडलाय का ते बघत होतो.

त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'बोला बाप्पा'. लोकांनी फोन करायचा आणि मनात असेल ते बोलायचं. बाई चपला दाराबाहेर काढून, एक पाय खुर्चीवर दुमडून बसत. कानाला लावायचं यंत्र एकाच कानाला लावत, दुसरा कान दाराकडे मोकळा. माइकशी बोलताना त्याच्याकडे मान वाकडी करून बघत, जणू माइकच जावई आहे आणि जरा ऐकायला कमी येतं. कोणी शिव्या दिल्या तर फोन संपल्यावर पदरानं माइक पुसून काढत. पण शिव्या देणाऱ्याला अडवत मात्र नसत. "शिवी तराजूत टाकून पाहा," असं त्यांचं म्हणणं होतं. "लय वेळा पावभर बी भरत नाही."

दर मंगळवारी एका गृहस्थाचा फोन यायचा. नाव सांगत नसे. भाजीवालीनं भाजी विकावी, रेडिओवर येऊन अक्कल काय शिकवते, हिला शुद्ध बोलता येत नाही, हिच्यामुळे जिल्ह्याचं नाव खराब होतं, असं तो दोन-तीन मिनिटं बोलायचा. बाई शांतपणे ऐकत आणि शेवटी विचारत, "आनखी?" तो चरफडत आणखी थोडं बोलायचा. बाई पुन्हा, "आनखी?" चार-पाच मंगळवारांत त्याच्याकडचा माल संपला. सहाव्या मंगळवारी "आनखी?" ऐकल्यावर तो बराच वेळ घुटमळला आणि मग विचारता झाला, की सांभार आत्ता पेरला तर चालेल का. बाईंनी त्याला धणे पायाखाली रगडून, रात्रभर भिजवून मग पेरायला सांगितलं. पुढे तो नाव सांगून फोन करू लागला.

आता बटणाची गोष्ट. ती सांगताना माझी अब्रू जाते, पण सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

केंद्राला काही नियम होते. राजकारण नको, कोणाच्या भावना दुखवायला नकोत. म्हणून माझ्या यंत्रावर एक लाल बटण होतं. कोणी भलतंसलतं बोलायला लागला की मी ते दाबायचं. दाबलं की त्याचा आवाज बंद, आणि त्याजागी जनावरांच्या लसीकरणाची सूचना सुरू: 'पशुपालक बंधूंनो, आपल्या जनावरांना खुरकुताची लस टोचून घ्या.' बाई शिव्यांना घाबरत नसल्या तरी मी घाबरत होतो, कारण नोकरी माझी होती. पहिल्या वर्षी मी ते बटण इतकं दाबलं की पंचक्रोशीतलं एकही जनावर बिनलशीचं राहिलं नसेल. लोकांच्याही ते लक्षात आलं. लस सुरू झाली की चहाच्या टपरीवर सगळे कान टवकारत, आणि कापलेल्या जागी कोणती शिवी असेल यावर चर्चा होई. जो तो आपल्याकडची उत्तमातली उत्तम शिवी तिथे बसवत असे.

दामोदरकाका नावाचे एक निवृत्त पोस्टमन होते. इतके मवाळ की कुत्र्यालाही 'सरक भाऊ' म्हणायचे. त्यांनी एकदा पाण्याच्या टाकीबद्दल फोन केला. बोलता बोलता म्हणाले, "आता आमचा सरपंच मंजे—" सरपंच हा शब्द कानावर पडताच माझं बोट बटणावर गेलं. बारा सेकंद खुरकुताची लस.

दुपारपर्यंत गावात सहा वेगवेगळ्या शिव्या फिरू लागल्या. सरपंच म्हणजे काकांचे साडूच. त्यांच्या कानावर त्यातली सर्वांत जहाल गेली, जिच्यात दोघांच्या सासूचाही उल्लेख होता. दोन साडू बोलेनासे झाले. दोन सख्ख्या बहिणी मधे अडकल्या. काकांच्या नव्या घराची वास्तू होती, तिला सरपंचाच्या घरून कोणी आलं नाही. काका शपथा घेऊन सांगत होते की मी काही बोललोच नाही, आणि लोक म्हणत, काहीच नसतं तर कापलं कायले?

बाईंनी माझ्याकडून ते मूळ बोलणं मोबाइलवर घेतलं, कारण आम्ही सगळं साठवून ठेवत असू. मला सोबत घेतलं आणि थेट सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काकांनाही तिथेच बोलावलं. आजूबाजूचे लोक अर्थातच न बोलावता आले. मोबाइल चालू झाला. काकांचा आवाज आला: "आता आमचा सरपंच मंजे माहा साडू. त्याले चार डाव सांगतलं, बाबा, टाकीवर झाकन बसव, कबुतरं पडतात. त मने पुढच्या मयन्यात." संपलं.

सरपंचांनी ते पुन्हा एकदा ऐकलं. मग जरा निराश होऊन विचारलं की याच्या मागेपुढे काही नाही का. त्यांनी आठ दिवस मनात जी उत्तरं तयार केली होती, ती सगळी वाया गेली होती. शेजारच्या एका म्हातारीनं मात्र मुद्दा पकडला. ती म्हणाली, कबुतरं पडतात त्याच टाकीचं पाणी आपण पितो ना? त्याच आठवड्यात टाकीवर झाकण बसलं आणि बहिणी बोलू लागल्या.

बाई मला फार बोलल्या नाहीत. परतताना एवढंच म्हणाल्या, "बाबू, त्यानं दगड फेकलाच नोता. तुमी पडदा टाकला, म्हनून समद्याईले पडद्यामांगं दगड दिसला." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून लोणच्याच्या बरणीचं झाकण आणलं, बटणावर पालथं घातलं आणि चिकटपट्टीनं बसवून टाकलं.

तरी बाईंना काही म्हणजे काहीच कापायचं नसे, असं समजू नका. एकदा एका फोनवाल्यानं एका माणसाचं नाव, गल्ली, घराचा रंग सांगितला आणि म्हणाला, आज संध्याकाळी चला, त्याला घराबाहेर ओढू. बाईंनी धावत काचेच्या अलीकडे माझ्याकडे येऊन स्वतः झाकण उचकटून बटण दाबलं. आणि लस थांबवून, माइकवर परतून लगेच सांगितलं की मी आत्ता एका माणसाला मधेच तोडलं आहे, का तोडलं तेही सांगते, तो मारायची भाषा करत होता आणि घराचा पत्ता देत होता. दुसरं काही त्यात नव्हतं, कोणी मनाचं काही जोडू नका. मग ज्याचं नाव घेतलं होतं त्या माणसाला फोन लावून बाहेर न पडायला सांगितलं, पोलीस पाटलाला कळवलं, आणि झाकण परत चिकटवलं.

बाकी सगळ्यांवर त्यांचा एकच उपाय होता, बारी. हा शब्द मळ्यातला. त्यांची विहीर दिराशी सामायिक. मोटार एक, घरं दोन. आज जितके तास त्याचं पाणी, उद्या तितकेच तास यांचं, हीच बारी. दिराशी बोलणं नसलं तरी बारी मोडत नाही, सुतक असलं तरी मोडत नाही. बोलण्याला ती लावायचं त्यांना सुचलं ते पोहरादेवीच्या यात्रेत.

यात्रेच्या गर्दीत आमच्या केंद्रानं एक मांडव टाकला होता आणि हरवलेल्यांची नावं पुकारायचं काम बाईंकडे होतं. एक म्हातारा आला. बायको हरवली होती. बाईंनी माइक त्याच्याच हाती दिला, तर तिला हाक मारायची सोडून तो तिची उणीदुणीच काढू लागला. हिला कितीदा सांगितलं हात सोडू नको, ही चालते गोगलगाईसारखी, बांगड्यांचं दुकान दिसलं की हिचे पाय चिकटतात. पुरती दोन मिनिटं सगळ्या यात्रेनं ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला म्हातारी भोंग्याच्या दिशेनं आली, आणि म्हातारा तिला घेऊन निघाला. बाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, तुमची दोन मिनिटं झाली, आता दोन यांची. म्हातारीनं माइक हातात घेतला आणि लाखभर लोकांना शांतपणे सांगितलं, की हरवला होता तो हा. मी सकाळपासून बांगड्यांच्या दुकानासमोरच उभी होते, कारण चुकलो तर तिथे भेटायचं असं यानंच सांगितलं होतं. मांडवात लोक हसून हसून लोळले. म्हातारासुद्धा हसला.

तेव्हापासून नियम झाला. कोणी कोणाबद्दल रेडिओवर काही बोललं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तितकीच मिनिटं दुसऱ्याची. कमी नाही, जास्त नाही. लोकांना हे इतकं पटलं की घरातल्या भांडणातही पोरं आईला सांगू लागली, तुझी झाली, आता माझी बारी.

मग व्याख्याते आले.

हे जऊळक्याकडचे गृहस्थ. लग्नं, शाळांची संमेलनं, गणपती, कुठेही व्याख्यान द्यायचे. मोबाइलवर त्यांची व्याख्यानं हजारो लोक बघत, म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना मुलींच्या शिक्षणावर बोलायला बोलावलं. पहिली दोन मिनिटं ठीक होती. मग त्यांची गाडी ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवर घसरली. मुलींची शाळा सुटते ती या बायांमुळे. सहा-सहा महिने पोरीला म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून जाते ती आई कसली, ती नुसती मजूर. आणि तिकडे त्या खोपटांत काय चालतं, ते मी इथे भगिनींसमोर बोलू शकत नाही. वर हसले.

माझा हात झाकणाकडे गेला. बाईंनी काचेतून नकारार्थी मान हलवली. मी त्यांना सात वर्षं बघत होतो. इतका लाल झालेला चेहरा पाहिला नव्हता. व्याख्याते नऊ मिनिटं बोलले. बाईंनी आवाज न चढवता ऐकणाऱ्यांना सांगितलं की सरांची नऊ मिनिटं झाली, उद्या याच वेळी ज्यांच्याबद्दल ते बोलले त्यांची बारी. सर म्हणाले, अवश्य, अवश्य.

तासाभरात रस्त्यापलीकडच्या वस्तीवरून चाळीस माणसं केंद्रावर आली. निम्मी घरं तिथली तोडणीला जाणारी. तोडणीला लोक दसऱ्यानंतर निघतात आणि दसऱ्याला अजून दोन महिने होते, म्हणून सगळे गावातच होते. पोरं चिडलेली होती, व्याख्यात्याची गाडी कुठे आहे विचारत होती. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, त्याला हात लावला तर उद्या तुमच्याबद्दल नाही, त्याच्या फुटलेल्या डोक्याबद्दल बोलतील लोक. तुमच्यातलं बोलणार कोण, ते सांगा. मागून रुक्मा पुढे आली, पस्तिशीची, लुकडी, पदर डोक्यावर. ती म्हणाली, मी बोलते.

दुपारी अध्यक्षांनी बाईंना आणि मला बोलावलं. माणूस सज्जन होता पण धसका घेतलेला. एका बाजूनं वस्तीवाले, दुसऱ्या बाजूनं व्याख्यात्यांचे चाहते, दोघांचेही फोन येत होते, आणि कोणीतरी वर तक्रार केली तर केंद्राचं लायसन्स जाईल अशी त्यांना भीती. त्यांनी ठरवलं होतं की उद्या नऊ ते दहा नुसती भक्तिगीतं लावायची आणि कोणीच काही बोलायचं नाही. व्याख्यात्यांचं बोलणंही पुसून टाकायचं, म्हणजे विषय संपला.

बाई म्हणाल्या की विषय कसा संपला, नऊ मिनिटं तर त्याची होऊन गेली आहेत.

अध्यक्ष नरमाईनंच बोलले, पण स्पष्ट बोलले. "अनसूयाबाई, तुम्ही त्या बाईला बसवलंत, तर परवापासून त्या खुर्चीवर तुम्ही नसाल. मला इलाज राहणार नाही."

बाई उठल्या, चपला घातल्या आणि मळ्यात पाणी द्यायचं आहे म्हणून निघून गेल्या. माझी खात्री झाली की उद्या भक्तिगीतं लागणार. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

सकाळी नऊला बाई आल्या त्या रुक्माला घेऊनच. तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः बाजूला स्टूल घेतलं.

"मी रुक्मा," ती थांबत थांबत बोलू लागली. "मी तोडनीले जातो. सर मनले, पोरीले टाकून जाते ते माय नसते. माही पोरगी सातवीत हाये. दोन साल मी तिले संग नेली. तिथं शाळा नाही, मंग ते बी मोळ्याच वाहे. म्हनून आता आजीपाशी ठेवतो. फोनवर ते मले पुसते, माय, काय खाल्लं? मी सांगतो, वांग्याची भाजी. खाल्लेली नसते. आनं खोपीत काय चालते म्हनत होते सर. पहाटे तीनले उठतो आमी, दिवसभर ऊस तोडतो. खोपीत आल्यावर झोपतो. दुसरं काय करन मानूस."

ती थांबली. बाईंनी विचारलं, झालं का. ती म्हणाली, झालं.

"चार मिन्टं झाली, रुक्मा. पाच बाकी हायेत तुही."

"मले आनखी काही नाही बोलाचं."

बाई माइककडे वळल्या. "आयकनाऱ्यायहो, बारी रुक्माची हाये. ते बोलन, नाहीतं चूप बसन. आपन थांबू."

आणि थांबल्या. रेडिओवर काहीही न वाजणं म्हणजे काय, हे यंत्रावर बसलेल्यालाच कळतं. पंधरा-वीस गावांत आमच्या छताच्या पंख्याची घरघर ऐकू जात होती. मधेच रुक्माच्या बांगड्या वाजल्या. बाहेर एक कोंबडी ओरडली. दुसऱ्याच मिनिटाला अध्यक्षांचा फोन माझ्या मोबाइलवर आला: बंद करा हे, गाणं लावा. मी हो म्हणालो. गाणं यंत्रावर तयार होतं, नुसतं बोट टेकवायचा अवकाश. मी टेकवलं नाही. धैर्य दाखवलं असं सांगायला मला आवडेल, पण खरं म्हणजे बाई काचेतून माझ्याकडे बघत होत्या, आणि मला अध्यक्षांपेक्षा त्यांची भीती जास्त वाटली.

आठवं मिनिट संपताना रुक्मा माइकच्या जवळ सरकली. तिनं घसा खाकरला. "माही पोरगी आयकून राह्यली असन," ती म्हणाली. "दप्तर भर वो माय. शाळेले उशीर होते."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाईंच्याही आलं असावं, कारण त्यांनी त्या दिवशी पदरानं माइक पुसला नाही, डोळे पुसले. नऊ मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा हवामानाचा अंदाज सांगितला, कपाशीच्या बोंडअळीवर एक फोन घेतला, आणि दहा वाजता चपला घालून बाहेर पडल्या. चहाच्या टपऱ्यांवर ती पाच मिनिटं कोणी बोललं नव्हतं, असं मला पुढे किती तरी जणांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर एमए झालेल्या पाच मुलींतली एक बसू लागली. मुलगी गुणी होती. मला मात्र पहिले काही दिवस काचेकडे बघवत नव्हतं. बाई भाजी द्यायला यायच्या, वसतिगृहाच्या दारात टोपली उतरवायच्या, आणि स्टुडिओकडे न बघता परत जायच्या. एकदाच विचारलं की माइकवर धूळ बसते का, पुसता ना.

इथे गोष्ट संपली असती तर बाईंना लोकांनी थोर ठरवून विसरून टाकलं असतं. पण महिनाभरानं व्याख्यात्यांचा अर्ज आला. त्या गप्प मिनिटांनी त्यांची भारी फजिती झाली होती. जिथे व्याख्यानाला जात, तिथे पोरं मधेच गप्प बसून दाखवत. आपल्याला उत्तर द्यायचं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत हेही लिहिलं होतं, की एका अडाणी भाजीवालीनं आपला अपमान घडवून आणला. अध्यक्षांनी अर्ज फाइलला लावला. मीच लावला. आणि ही गंमत मी बाईंना सांगितली, त्यांना बरं वाटेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाई टोपली घेऊन अध्यक्षांच्या कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. रुक्मा त्यांच्याबद्दल बोलली, तर आता व्याख्यात्यांना त्यांची बारी द्या, एवढंच मागणं. अध्यक्षांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी बाईंना अर्ज वाचून दाखवला, भाजीवाली या शब्दासकट.

"म्हनून त मी मांगून राह्यली, साहेब," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी दुसरं कोन मांगन?"

तीन दिवस त्या बसल्या. आल्यागेल्याला मेथी विकत होत्या. कचेरीत कामाला आलेले लोक आधी जुड्या घेत आणि मग अर्ज देत. फायलींवर माती पडू लागली. वस्तीवरची पोरं येऊन बाईंशी भांडली, रुक्मासुद्धा नाराज झाली. त्या सगळ्यांचं ऐकून घेत आणि बसून राहत. चौथ्या दिवशी अध्यक्षांनी हात टेकले. व्याख्यात्यांना नऊ मिनिटं मिळाली, बुधवारी, सकाळी नऊला, टेलिफोनवरून.

बुधवार आमचा बाजाराचा दिवस. मी त्या दिवशी बदलीच्या आवराआवरीसाठी रजेवर होतो, यंत्रावर दुसरं कोणी बसलं होतं; मी भाजी घ्यायला गेलो. बाई टपरीशेजारी गोणपाट अंथरून बसल्या होत्या, पुढ्यात सांभाराच्या जुड्या, आणि मोबाइल जुड्यांवर उभा करून ठेवलेला, वेळ बघायला. टपरीवरच्या रेडिओतून व्याख्याते बोलत होते. आपला आशय विपर्यस्त झाला, आपला हेतू शुद्ध होता, वगैरे. मधे एकदा पुन्हा भाजीवालीचा उल्लेख झाला. टपरीवाला रेडिओ बंद करायला उठला. बाईंनी हातानंच त्याला खाली बसवलं. एका गिऱ्हाइकानं जुडीचा भाव विचारला, त्यालाही थांबवलं. त्यांची रोजची वेळ, त्यांचा कार्यक्रम, आणि त्यात तो माणूस त्यांनाच नावं ठेवत होता. मला ते ऐकवेना. बाई मात्र मान वाकडी करून ऐकत होत्या.

मग व्याख्यात्यांचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला आणि खतांची माहिती सुरू झाली. टपरीवरचे लोक हसले. बाईंनी मोबाइल उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि माझ्याकडे वळल्या.

"साडेआठच झाली, बाबू. अर्दं मिनिट खाल्लं त्याचं."

मी म्हटलं, जाऊ द्या ना बाई, अर्धं तर मिनिट. तोवर त्यांनी शेजारणीला गोणपाटाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पदर खोचला, गिऱ्हाईक तसंच उभं सोडलं आणि बाजारातून वाट काढत केंद्राच्या रस्त्याला लागल्या. भरभर चालत होत्या. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी बदलीवर वाशिमला गेलो, त्यामुळे बाई मला शेवटच्या दिसल्या त्या तशाच, पाठमोऱ्या, आपल्याला अडाणी म्हणणाऱ्या माणसाचं अर्धं मिनिट आणायला निघालेल्या.